विकतचं दुखणं

गेम विकत घेतला की तो सुरू होतो, अशी एक भाबडी समजूत जगात आहे. ती बाळगणारे लोक विंडोज वापरतात. आम्ही लिनक्स ही दुसरी, फुकट ऑपरेटिंग सिस्टिम वापरणारे असल्या भ्रमात राहत नाही. आमच्याकडे पैसे भरणं ही नुसती पूर्वतयारी असते. पैसे कापले गेल्याचा मेसेज येतो आणि मग खरा खेळ सुरू होतो.

तो खेळ असा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात 'प्ले' लिहिलेलं एक हिरवं बटण असतं. ते दाबलं की निळं होतं आणि त्यावर 'स्टॉप' येतं. आपण खुर्ची सावरतो, हेडफोन चढवतो, घरातल्यांना 'आता अर्धा तास हाक मारू नका' असं बजावतो. पाच-सात सेकंद जातात आणि बटण परत हिरवं होतं. एरर नाही, दिलगिरी नाही, काही नाही. कुणीतरी दार किलकिलं करून आपल्याला पाहावं आणि न बोलता परत लावून घ्यावं, तसं.

मग लॉग, म्हणजे प्रोग्रामने काय काय केलं त्याची नोंदवही, काढायचा. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं वाइन १९९३ पासून लिहिलं जातंय आणि त्याची १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं, म्हणजे घाई केल्याचा आरोप त्या मंडळींवर कुणी करू शकत नाही. त्यांच्या लॉगमध्ये 'फिक्समी' असं बजावणाऱ्या ओळींच्या रांगाच्या रांगा असतात. हे काम राहिलंय, बघायला हवं, अशा लिहिणाऱ्यानेच स्वतःसाठी ठेवलेल्या चिठ्ठ्या. गेम झकास चालत असला तरी या ओळी येतात आणि आपटला तरी येतात. लॉग वाचून माणसाला एवढंच कळतं की लॉग चालू आहे.

तक्रार करायला तशी जागा नाही. २०१८ मध्ये स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने या वाइनच्या पायावर प्रोटॉन आणलं. चित्रं काढायची विंडोजची डायरेक्ट-थ्रीडी ही भाषा चालत्या गेममध्ये लिनक्सला कळणाऱ्या व्हल्कनच्या भाषेत सांगणारा डीएक्सव्हीके त्यात घातला, आणि विंडोजसाठी लिहिलेले हजारो गेम आमच्याकडे चालायला लागले. २०२२ मध्ये स्टीम डेक हा हातात धरून गेम खेळायचा संगणक आला, तर तोही लिनक्सवर. ज्यांनी त्याआधीचे दिवस पाहिलेत त्यांना विचारा. १९९८ मध्ये लोकी नावाची कंपनी मोठमोठे गेम लिनक्सवर आणून विकायला निघाली आणि २००२ च्या जानेवारीत तिने दुकान गुंडाळलं. तेव्हाच्या मानाने आज आमची दिवाळीच आहे. फक्त काही फटाके भिजलेले निघतात आणि ते नेमके मी विकत घेतलेले असतात.

हिरवं बटण निळं होऊन हिरवं झालं की आम्ही प्रोटॉन-डीबी या वेबसाइटवर जातो. तिथे खेळणारे लोक गेमना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ असे दर्जे मिळवून देतात आणि आपापले अनुभव लिहितात. त्या अनुभवांची एक खास शैली आहे. 'एकदम मस्त चालतो, काहीही करावं लागलं नाही' असं पहिलं वाक्य. दुसऱ्या वाक्यात काय काय करावं लागलं त्याची यादी. 'फक्त जुना प्रोटॉन निवडा, लाँच ऑप्शनमध्ये या तीन ओळी टाका, दुसरा मॉनिटर काढून ठेवा आणि पहिल्या दृश्यात माउस हलवू नका.' लिनक्सवाल्याच्या तोंडी 'काहीही करावं लागलं नाही' हे ऐकलं की मी जेवून घेतो. नंतर वेळ मिळत नाही.

बरं, गेम लागला तरी सुटका नाही. मधली चित्रदृश्यं ज्या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ आवळून ठेवायच्या पद्धतीत, असतात त्यांचे पेटंट-परवाने हा किचकट मामला आहे, त्यामुळे काही गेममध्ये व्हिडिओच्या जागी टीव्ही स्टेशन बंद असताना दिसायचे तसले उभे रंगीत पट्टे येतात. माझ्या नायकाचा बाप मरताना शेवटचं काय म्हणाला, हे मला आजतागायत माहीत नाही. निळ्या आणि जांभळ्या पट्ट्यांच्या मध्ये कुठेतरी तो गेला. नायक पुढे सूड वगैरे घेत होता, मी आपला मागोमाग.

या सगळ्यात एक घड्याळ चालू असतं. स्टीमवर गेम परत करायचा तर खरेदीला चौदा दिवस व्हायच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असताना. दोन तास! लिनक्सवाल्याचे दोन तास म्हणजे काय, हे नियम करणाऱ्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. गेमवाल्या कंपनीचा स्वतःचा लाँचर, म्हणजे गेमच्या आधी सुरू होणारा प्रोग्राम, मध्येच उघडतो, पांढरी चौकट दाखवत बसतो, आणि तेवढा वेळ आपण 'खेळलो' असं धरलं जातं. पांढऱ्या चौकटीशी मी फार तन्मयतेने खेळलोय.

मी घेतलेल्या त्या गेमला वर आणखी एक कुलूप होतं, चोरांसाठी बसवलेलं. माझ्यासारखा माणूस काय करणार, तर हा प्रोटॉन लावून बघ, तो लावून बघ. प्रत्येक वेळी कुलपाला वाटलं, गेम नव्या मशीनवर नेला. असं काही वेळा झाल्यावर त्याने निकाल दिला, एका दिवसात फार मशीनं झाली, आता चोवीस तासांनी या. खोलीत मशीन एकच होतं आणि त्याच्यासमोर बसलेला माणूसही तोच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि इथे दोराचे पैसेही संन्याशानेच भरलेले.

आता सपोर्टला लिहिणं आलं. सपोर्टच्या फॉर्ममध्ये 'ऑपरेटिंग सिस्टिम' असा रकाना होता आणि त्याखाली पर्याय दोन, विंडोज १० आणि विंडोज ११. 'इतर' नाही. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकत नाही. शिवाय डीएक्सडायग नावाचा विंडोजचा अहवाल जोडणं सक्तीचं. गंमत अशी की वाइनमध्ये डीएक्सडायगसुद्धा आहे. तो चालवला की तो बिनदिक्कत सांगतो, हे मशीन विंडोज आहे. मी नुसती टिचकी मारली, खोटं तो बोलला. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'तुमचं विंडोज व्यवस्थित दिसतंय. कृपया अँटीव्हायरस बंद करून पाहा.' माझ्या विंडोजची तब्येत इतकी ठणठणीत आहे हे ऐकून बरं वाटलं. नाहीतरी त्याला व्हायला जागाच कुठे होती?

हे सगळं माझ्या भाच्याला सांगितलं ही ताकाला जाऊन भांडं न लपवण्याची माझी खोड. भाचा विंडोज वापरतो आणि गेमवर एक छदाम खर्च करत नाही. तो म्हणाला, "मामा, तू विकत घेतलास तिथेच फसलास. मी तोच गेम परवा उतरवला. कुलूप काढलेलं, लाँचर काढलेला. डबल क्लिक केलं, चालू. आणि तू पैसे देऊन फॉर्मवर खोटं लिहितोयस!"

हे वर्मी लागलं. कारण हिशेब खरा होता. पैसे देणाऱ्यावर खोटं बोलायची वेळ आली होती आणि फुकट्यावर तेवढीही आली नव्हती.

पुढे तो म्हणाला, "आणि तू कसला नीतीच्या गप्पा मारतोस? तुझी ऑपरेटिंग सिस्टिम फुकट, ऑफिसचं सॉफ्टवेअर फुकट, फोटोचं फुकट."

हा आमच्या जमातीवरचा जुना आळ आहे आणि तो ऐकला की माझं डोकं फिरतं. २०१० मध्ये 'हंबल इंडी बंडल' हा छोट्या गेमचा गठ्ठा निघाला तेव्हा अट अशी होती की गेम घ्या आणि वाटेल तेवढे पैसे द्या. विंडोज, मॅक, लिनक्स, तिघांचीही सरासरी जाहीर होत होती. सरासरीत सगळ्यांत जास्त पैसे देणारे कोण? आम्ही! मॅकवाले मध्ये आणि विंडोजवाले खाली. आणि याच बंडलच्या बाबतीत, जिथे एक सेंट दिला तरी चालत होता, तिथे साधारण चौथा हिस्सा डाउनलोड पैसे न भरताच झाले असावेत, असा विकणाऱ्यांचाच अंदाज होता. एक सेंट वाचवायला माणसं इतकी खटपट करतात. मग 'किंमत परवडत नाही म्हणून' हे कारण कुणी सांगितलं की मी मान डोलावतो आणि पुढचं ऐकत नाही.

भाच्याला मी जीपीएल हा सॉफ्टवेअरचा परवाना समजावून सांगायला घेतला. लिनक्सचा गाभा १९९२ पासून या परवान्याखाली आहे. घ्या, वापरा, बदला, पण बदलून पुढे वाटलंत तर सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूरही द्या, ही त्यातली अट. ही अट कुणी का पाळावी? कॉपीराइट आहे म्हणून. परवाना मोडला तर कॉपीराइटचा भंग होतो, एवढा एकच सोटा त्यामागे आहे. बिझीबॉक्स नावाचं छोटं सॉफ्टवेअर आपल्या यंत्रांत घालून सोर्स न देणाऱ्या कंपन्यांना २००७ पासून अमेरिकेत याच सोट्याने कोर्टात खेचलं गेलं, आणि तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या. मग ज्या कायद्याच्या जोरावर आपल्या लिहिणाऱ्यांचा शब्द चालतो, तोच कायदा गेम लिहिणाऱ्याच्या बाजूने उभा राहिला की 'कॉपी केल्याने कुणाचं काय जातं?' असं विचारायचं? हे मला जमत नाही. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट आहे. विकत घेऊन प्रोटॉनवर खेळलो तर स्टीमच्या आकडेवारीत लिनक्सचा एक खेळाडू वाढतो. २०२५ च्या शेवटी शेवटी स्टीमच्या पाहणीत आम्ही कसेबसे तीन टक्क्यांच्या पलीकडे गेलो. चोरून खेळणारा लिनक्सवाला कुणाच्याच वहीत नसतो, आणि मग तोच विचारतो, कंपन्या आमच्याकडे लक्ष का देत नाहीत?

भाचा जांभई देत होता. जांभई संपवून त्याने पत्ता टाकला. "मामा, विकत घेऊनही तो तुझा होतोच कुठे? स्टीमच लिहितं, हा परवाना आहे म्हणून. 'द क्रू' या ऑनलाइन गेमचे सर्व्हर २०२४ मध्ये बंद केले, तर पैसे दिलेल्यांचा गेम गेलाच ना? विकत घेऊन मालकी मिळत नसेल, तर उतरवून चोरी कशी होते?"

मुद्दा बिनतोड वाटतो. अर्धा आहेही. जुन्या सीडींवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं. २०१५ मध्ये विंडोज १० आलं आणि त्याने ते कुलूप चालवायलाच नकार दिला. घरात अस्सल सीडी, डबा, माहितीपुस्तक सगळं शाबूत, आणि गेम बंद. अशा माणसाने आपल्याच सीडीसाठी कुलूप फोडलेली फाइल शोधली तर मी त्याला चोर म्हणणार नाही, अमेरिकेचा १९९८ चा डीएमसीए हा कॉपीराइटचा कायदा काय म्हणायचं ते म्हणो. मी भाच्याला म्हटलं, "हे मान्य. पण तू गेल्या महिन्यात तो दोघा जणांनी मिळून केलेला छोटा गेम उतरवलास, तो तर कुलपाशिवायच विकला जातो. सर्व्हर नाही, लाँचर नाही, इन्स्टॉलर आपल्याकडे ठेवता येतो. तिथे कुठलं तत्त्व होतं?"

"तिथे," भाचा म्हणाला, "सवय होती."

एवढा प्रामाणिकपणा मी सपोर्टच्या फॉर्मवरही दाखवला नव्हता.

ऑनलाइन गेममध्ये लबाडी पकडायला बसवलेल्या पहारेकरी प्रोग्रामांबद्दल फार बोलत नाही, रक्तदाब वाढतो. २०२१ च्या सप्टेंबरात ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय, दोघांनीही प्रोटॉनची सोय केली. खटका तेवढा गेमवाल्यांनी दाबायचा. २०२४ मध्ये जीटीए ऑनलाइनने बॅटलआय बसवलं आणि तो खटका दाबला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस एपेक्स लेजेंड्सने चालू असलेलं लिनक्सचं दार लावून घेतलं, का तर लिनक्सच्या आडून लबाड लोक शिरतात म्हणून. विंडोजवरून काय संतमंडळी येतात? पण विंडोज बंद केलं तर खेळायला उरणार कोण, हा त्यांचा प्रश्न मला कळतो. कळतो म्हणून आवडत नाही, एवढंच.

काही दिवसांनी माझा गेम चालू झाला. मी काय केलं म्हणून झाला, ते विचारू नका. कुठल्याशा अपडेटनंतर बटण निळं झालं ते निळंच राहिलं, आणि मी इतका हबकलो की पहिल्या मारामारीत मेलो.

त्याच संध्याकाळी भाच्याचा फोन. त्याचा गेम तिसऱ्या प्रकरणात अडकला होता. पूल ओलांडला की गेम बंद. कंपनीने दुरुस्ती काढली होती, पण फुकट प्रतीची दुरुस्ती फुकट वाटणाऱ्यांना सवड होईल तेव्हा येणार.

"मामा, तू सपोर्टला एक तक्रार टाक ना, माझी सेव्ह फाइल जोडून. तुझ्याकडे पावती आहे."

"आणि ऑपरेटिंग सिस्टिम काय लिहू?"

"विंडोज ११. माझा डीएक्सडायग पाठवतो."

मी विचार केला. माझी पावती खरी, त्याचं विंडोज खरं. आम्ही मामा-भाचे मिळून, कंपनीला हवं तसं एक संपूर्ण गिऱ्हाईक तयार होत होतं. सहज विचारलं, "विंडोज तरी विकतचं आहे ना रे?"

"मामा, तुझा आवाज तुटतोय," भाचा म्हणाला.