धुळे ते लंडन: आधी 320, मग 7,200

आईला लहान्याकडे लंडनला पाठवलं, तेव्हापासून गल्लीत एकच प्रश्न: किती तास लागले? मी सांगतो, विमान दुपारी दोनला सुटलं, संध्याकाळी सातला उतरलं. शेजारच्या अण्णांनी तिथंच बोटं मोजली. "पाचच तास? सुरतला जायला तेवढे लागतात!"

अण्णा, दोन आपले आणि सात तिकडचे. उन्हाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. आई उतरली तेव्हा धुळ्यात रात्रीचे साडेअकरा वाजले होते. झाले साडेनऊ तास.

मुंबई ते लंडन सरळ अंतर 7,200 किलोमीटरच्या आसपास. हे 'सरळ' प्रकरण मला लेकीनं शिकवलं. तिनं पृथ्वीच्या गोलावर शिवणाचा दोरा मुंबईवर धरला, दुसरं टोक लंडनवर ताणलं. दोरा कॅस्पियन आणि काळ्या समुद्राच्या मधून गेला. भिंतीवरच्या नकाशात तोच रस्ता वर फुगलेला, वाकडा दिसतो. खरं विमान काही दोऱ्यावरून जात नाही. कुठं हद्द बंद, कुठं युद्ध, वळसा पडतोच.

शिवाय वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहते. जाताना ती तोंडावर, येताना पाठीशी, म्हणून परतीला वेळ कमी. 2016 मध्ये एअर इंडियानं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. रस्ता सुमारे 1,400 किलोमीटरनं वाढून 15,300 झाला, तरी विमान आधी पोहोचायला लागलं. त्यामुळं कोणी नुसते किलोमीटर सांगून वेळेचा हिशेब मांडला की मला हसू येतं.

पण माझं खरं दुखणं त्या 7,200 चं नाहीच. ते धुळे-मुंबईच्या 320 चं आहे.

दोनचं विमान, म्हणजे अकराला विमानतळावर हजर. कसाऱ्याच्या घाटात एखादा ट्रेलर आडवा झाला तर? भिवंडीपासून ठाण्यापर्यंत गाडी मुंगीच्या पावलानं चालली तर? या 'तर'पायी आम्ही रात्री एकला घर सोडलं. आईच्या मांडीवर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा डबा. बॅगेत चुरा होईल म्हणून हातातून सोडायला तयार नाही. मालेगाव, चांदवड झोपेत गेलं. भिवंडीला मात्र ती टक्क जागी. "अजून कितलं लांब शे रे?" दर दहा मिनिटांनी तेच.

घर सोडल्यापासून विमान सुटेपर्यंत तेरा तास. त्यापुढचे हजारो किलोमीटर साडेनऊ तासांत. धुळ्याजवळ आमच्या गोंदूरला धावपट्टी आहे, पण तिथून मुंबईला जायला प्रवासी विमान नाही. जळगावच्या विमानतळाचं उद्घाटन 2012 मध्ये झालं, पण धुळेकरानं मुंबईला जायला आधी उलट पूर्वेला जळगाव गाठायचं, हे गणित मला तरी जमत नाही. विमानांच्या जाहिरातीत 'प्रवासाचा वेळ' छापतात तो विमानतळ ते विमानतळ असतो. खान्देशातल्या माणसानं त्यात आपली एक रात्र स्वतःच मिळवून घ्यायची.

आई पुढच्या महिन्यात परत येतेय. विमान सकाळी साडेदहाला मुंबईत उतरेल. काल फोनवर म्हणाली, संध्याकाळी वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी करून ठेवा. बायकोनं विचारलं, भाकरी किती वाजता टाकू?

म्हटलं, चांदवड सोडलं की फोन करतो.