ग्रीनलंड म्हणजे मोकळा प्लॉट नव्हे

डेन्मार्कच्या राज्यातलं स्वायत्त ग्रीनलंड सुरक्षेसाठी अमेरिकेला हवंच, असं ट्रम्प म्हणाले, आणि आज सकाळी शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोल आला: "ग्रीनलंड कोणी घ्यावं?" पर्याय तीन: अमेरिका, रशिया, चीन. खाली एका वर्गमित्राने लिहिलं, भारतानेही हात धुवून घ्यावेत. डोकंच फिरलं माझं. तिथे सुमारे ५७ हजार माणसं राहतात रे! त्यांना विचारावं असं एकालाही वाटलं नाही?

कोपनहेगनला आमच्या खालच्या मजल्यावर ग्रीनलंडच्या एक आजी राहतात. तळघरातल्या सामाईक लॉन्ड्रीत आमची गाठ पडते. त्यांचे आईवडील वायव्य ग्रीनलंडमधल्या थूलेजवळच्या उमानाक वस्तीतले. १९५१ मध्ये अमेरिका-डेन्मार्क संरक्षण करार झाला, शेजारी अमेरिकेचा हवाई तळ उभा राहिला आणि मे १९५३ मध्ये वस्तीला सांगितलं गेलं, चार दिवसांत निघा. कुत्री, स्लेज, जमेल ते घेऊन माणसं शंभरहून जास्त किलोमीटर उत्तरेला कानाकला गेली. घरं होईपर्यंत तंबूत राहिली. कारण काय, तर सुरक्षा.

चादरीची घडी घालता घालता आजी दाखवतात, वालरस कुठून कसे यायचे. वडील हात असाच फिरवायचे म्हणे. शिकारीची ती जागा आजींनी स्वतः कधी पाहिलेली नाही.

बरं, रशियाच्या अण्वस्त्रधारी पाणबुड्या आर्क्टिकमधल्या कोला द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर आहेत आणि क्षेपणास्त्रांची जवळची वाट ध्रुवावरूनच जाते, तेव्हा तिथे रडार लागणार, हे मान्य. पण ते आहेच की! तळही आहे, करारही आहे. मग मालकी कशाला हवी? अमेरिकेने राष्ट्राध्यक्ष ट्रुमनच्या काळात, १९४६ मध्येही डेन्मार्कला ग्रीनलंडसाठी १० कोटी डॉलर देऊ केले होते. हाव जुनीच आहे, सुरक्षा हे तिचं आजचं नाव.

आणि त्या सुरक्षेने काय दिलं? जानेवारी १९६८ मध्ये चार हायड्रोजन बॉम्ब घेऊन उडणारं अमेरिकेचं बी-५२ बॉम्बफेकी विमान तळाजवळ गोठलेल्या समुद्रावर कोसळलं. आजींचे वडील जिथे शिकार करायचे, तीच खाडी. किरणोत्सर्गी बर्फ उपसायला डॅनिश आणि ग्रीनलंडचे कामगार होते.

डेन्मार्कचे गोडवे गाणाऱ्यांनीही जरा थांबावं. आमच्या भूमीवर अण्वस्त्रं नकोत असं जगाला सांगायचं आणि आतून अमेरिकेला मोकळीक द्यायची, हे यांनीच केलं. १९६०-७० च्या दशकांत ग्रीनलंडच्या हजारो बायका-मुलींना गर्भनिरोधक लूप बसवले, कित्येकींना न विचारता. त्याची माफी मागायला २०२५ उजाडलं. उमानाकच्या लोकांना भरपाई मिळाली तीही १९९९ मध्ये, कोर्टात भांडून. तोवर किती म्हातारी माणसं गेली असतील.

नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून आपलं 'हिमाद्री' संशोधन केंद्र आहे, मला त्याचा मनापासून अभिमान आहे. ते अभ्यासासाठी आहे, लुटीत वाटा मागायला नाही. दीडशे वर्षं दुसऱ्यांच्या नकाशात रंगवले गेलेलो आपण, आपण तरी असा पोल टाकू नये.

२००९ च्या स्वराज्य कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वतंत्र व्हायचं की नाही हे ग्रीनलंडच्या लोकांनी ठरवायचं. आजींना एकदा विचारलं होतं, तुम्हाला काय हवंय? म्हणाल्या, "ते आम्ही आपसात भांडून ठरवू."