दोन सूत, चार सूत आणि आमचे अण्णा

सोलापुरात एप्रिल लागला की दोनच विषय असतात, आज किती झालं, बेचाळीस की त्रेचाळीस, आणि पाणी कधी येणार. आमच्या घरी यंदा तिसरा निघाला, तांब्याचा पाइप.

झालं असं की पुढच्या खोलीतला एसी मागच्या खोलीत न्यायचं ठरलं, कारण पुढची खोली पश्चिमेची, दुपारी चारला भिंतीवर भाकरी टाकली तर कडक भाकरी होऊन निघेल. मेकॅनिकला फोन केला तर "येऊलालो की ओ दादा, पाच मिनिटांत" म्हणाला आणि तिसऱ्या दिवशी आला. टेप लावून मोजलं आणि म्हणाला, "जुना दहा फुटी पाइप पुरंना, अजून बारा फूट दोन सूत आणि बारा फूट चार सूत लागंल."

आतल्या खोलीतून अण्णा ओरडले, "सूत? कितवा नंबर? दहा का वीस?"

अण्णांची उभी हयात एमआयडीसीत टॉवेलच्या प्रोसेसमध्ये बॉयलरवर गेली, त्यांच्या कानाला सूत म्हणजे मागाच्या बीमवर चढतं ते, धाग्याचं. इंचाच्या आठव्या भागालाही सूत म्हणतात हे त्यांना माहिती नाही असं नाही, पण ऐनवेळी आठवत नाही. मी सांगितलं, दोन सूत म्हणजे पाव इंच, चार सूत म्हणजे अर्धा, बारक्या पाइपातून पातळ झालेला, म्हणजे द्रवरूप गॅस आत येतो, खोलीतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते आणि ती जाड पाइपातून परत जाते. वाफ हा शब्द मी उच्चारायला नको होता. "वाफेचं मला सांगू नको" म्हणून अण्णा बाहेर आले ते दिवस मावळेपर्यंत आत गेलेच नाहीत.

आधी त्यांनी मशीन दीड टनाचं आहे हे ऐकून बाहेरच्या डब्याला हात घालून उचलून बघितला. मेकॅनिकला सांगता येईना म्हणून मीच सांगितलं की टन म्हणजे वजन नव्हे, एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते तेवढी एक टनाचं मशीन चोवीस तासांत खोलीतून उपसतं. अण्णा म्हणाले, "मग दीड टन बर्फच आणायचा की मार्केटातनं." हिशोब चुकीचा नव्हता, ठेवायचा कुठं एवढाच प्रश्न.

मग नळ्यांवर आले. त्यांच्या बॉयलरच्या नळ्या पोलादी, नळीतून जाळ आणि भोवती पाणी, "आपल्या बंबासारखं". झालं. बंबाचं नाव निघालं आणि आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत बाहेर आली. आजीचा तांब्याचा बंब, मधोमध नळकांडं, त्यात चिपाडं नि करवंट्या घालायच्या, पहाटे भक्‌भक् आवाज यायचा तो मला अजून ऐकू येतो. तो बंब अण्णांनी गीझर घेताना मोडीत घातला होता, आईला न विचारता, आणि तेव्हापासून आमच्या घरात तांबं हा शब्द जपून वापरतात. आता तेच तांबं फुटावर विकत घ्यायचं म्हटल्यावर आई काही बोलली नाही, नुसती बघत उभी राहिली, ते जास्त वाईट.

मेकॅनिक फ्लेअरिंग करायला बसला. पाइपाचं तोंड चिमट्यात धरून आतून शंकू दाबत नेतो आणि ते सनईच्या तोंडासारखं उमलतं, एक चीर पडत नाही, तांबूस झाक मारतं, बघत बसावं असं काम. तो नट आणायला गाडीकडे गेला तेवढ्यात अण्णांनी चार सूत गुडघ्यावर घेतला आणि कोपऱ्यात बसवायला वाकवला. चपटला. मग कोणाला कळू नये म्हणून सरळ केला, परत वाकवला, परत सरळ केला. तांब्याचं असं आहे की आधी लोण्यासारखं वाकतं पण सारखं वाकवलं की ताठरतं, म्हणून तर तांबट ठोकता ठोकता भांडं मधेच भट्टीत घालून मऊ करून घेतात. आमच्याकडे भट्टी नव्हती. कट्‌ असा आवाज आला.

"ओ मामा, काय केलाव ओ हे?"

अण्णा म्हणाले, "माल हलका आहे."

दोन फुटांचा तुकडा कापून टाकावा लागला, तेवढाच नवीन आणून जोड मारला, वर नट नीट बसला का बघायला साबणाचा फेस लावायचा तर आई म्हणाली बेतानं, पाण्याचा दिवस परवा आहे. वाटीभर फेसात सगळे सांधे तपासले, एका ठिकाणी बारीक बुडबुडा आला, नट अजून पाव फेरा आवळला, गेला. रात्री नऊला गार हवा आली. अण्णा चादर डोक्यावरून घेऊन बसले आणि बॉयलररूममध्ये कसं बरं वाटायचं ते सांगत राहिले.

तो दोन फुटांचा तुकडा आईनं घासूनपुसून खिळ्याला अडकवला. म्हणाली फुंकणी होईल. घरात चूल नाही, बंब नाही, कशाला फुंकणार हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. 

आठ दिवसांनी मेकॅनिक दारात, "मावशी, शेजारच्या गल्लीत काम निघालंय, थोडा पाइप कमी पडूलाला, तुमचा तो तुकडा हाय का ओ? चपटलेलं कापून घेतो."

आईनं मला हाक मारली, "मोबाइलमध्ये बघ रे, आज तांब्याचा काय भाव चाललाय. मोडीचा नको, नव्याचा बघ."