बाहेरची मुलं

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज. 'बाहेरच्या मुलांनी कंपाउंडमध्ये क्रिकेट खेळू नये.' बाहेरची मुलं म्हणजे एकच मूल. आपल्या वॉचमनचं. खाली सतरा अंगठे!

त्याच्या मीटररूममध्ये स्विचबोर्डशेजारी एक फोटो आहे. तिरकी गोरखा टोपी घातलेला मोठा भाऊ. पाण्याचा पंप बंद पडला म्हणून गेलो होतो, तेव्हा दिसला. "कुठे?" म्हटलं. "बटालिक, साहेब. निन्यानवे में." म्हणजे कारगिलच्या युद्धात. एवढं बोलून त्याने पंप चालू केला.

१९४७ च्या भारत-नेपाळ-ब्रिटन करारापासून नेपाळची पोरं आपल्या सैन्यात आहेत. तो भाऊ नेपाळचा नागरिक म्हणूनच भारतासाठी गेला. तेव्हा आपण काय करत होतो? टीव्हीसमोर बसून टाळ्या.

मला तो होसे अँतोनियो गुतिएरेस आठवतो. ग्वाटेमालात रस्त्यावर वाढलेलं अनाथ पोर. मालगाड्यांवर लटकत मेक्सिको ओलांडून विनाकागद अमेरिकेत घुसला. आर्किटेक्ट व्हायचं होतं त्याला. झाला मरीन, म्हणजे अमेरिकेचा सैनिक. २१ मार्च २००३ ला, इराक युद्ध जेमतेम सुरू झालेलं, उम्म कसरजवळ मारला गेला. तेही त्याच्याच बाजूच्या गोळीने, असं पुढे निघालं. अमेरिकेने नागरिकत्व दिलं, पण मेल्यावर. जिवंतपणी तोही 'बाहेरचा'च.

हो, अल्पवयीन ठरून अमेरिकेत राहता यावं म्हणून गुतिएरेसने वय खोटं सांगितलं होतं. आणि पोटासाठी भरती होतात म्हणाल, तर आपल्या साताऱ्याच्या अपशिंग्यातून पिढ्यान्‌पिढ्या पोरं जातात, त्यांना विचारता का हे? तिथे बरा ऊर भरून येतो.

काचा फुटतात, मान्य. दुसऱ्या मजल्यावरची फुटली मागच्या महिन्यात. पण ती माझ्या भाच्याने फोडली, आणि त्याच्यावर नोटीस निघाली नाही.

मी तरी कोण मोठा लागून गेलोय? नऊ वर्षं त्याला 'बहादूर' म्हणतोय. खरं नाव कळलं ते पोलिस व्हेरिफिकेशनच्या फॉर्मवर. भावाचं नाव फोटोखाली लिहिलेलं होतं, तेही धड वाचलं नाही. पंपाची घाई होती ना.

ग्रुपवर तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. अध्यक्षांशी वाकडं कशाला, म्हणून इथे लिहितोय.

पोरगा आत्ता जिन्यात बसून टेनिस बॉल भिंतीवर टप टप आपटतोय. त्याबद्दलही मेसेज येईलच थोड्या वेळात.