पोकळीची किंमत

आयर्लंडची बॅगपाइप, म्हणजे इलन पाइप्स, हे वाद्य बसून वाजवायचे असते. स्कॉटिश पायपर उभ्याने, तोंडाने फुंकून आणि बहुधा मोकळ्या मैदानात वाजवतो. आयरिश पायपर मात्र खुर्चीवर बसून उजव्या कोपराने भाता हलवतो, डाव्या कोपराने हवेची पिशवी दाबतो, बोटे चँटर नावाच्या नळीवर ठेवतो आणि त्या नळीचे खालचे टोक मांडीवर कधी टेकवतो, कधी उचलतो. एवढे अवयव गुंतल्यावर तोंड तेवढे मोकळे राहते, आणि घरच्यांची क्षमा मागण्यासाठी ते उपयोगी पडते, असा माझा डब्लिनमधील अनुभव आहे. पायपर घडायला सात वर्षे शिकण्याची, सात सरावाची आणि सात वादनाची अशी २१ वर्षे लागतात, असे इकडे परंपरेने सांगतात. २०१७ साली युनेस्कोने ही कला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समाविष्ट केली. आमच्या घरातील आवाज त्या वारशात मोडत नाहीत, असे माझ्या पत्नीचे स्पष्ट मत आहे.

नवशिक्यासाठी केवळ पिशवी, भाता आणि चँटर एवढाच प्रॅक्टिस सेट असतो. पण त्याचीही किंमत हजार युरोंच्या पुढे जाते आणि नामांकित कारागिराकडे नाव नोंदवले तर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. म्हणून सरावापुरता चँटर घरीच करावा, असे मी ठरवले. चौदा-पंधरा इंचांची नळी, पुढच्या बाजूला सात भोके आणि मागे अंगठ्यासाठी एक. यात हजार युरो कसले, हा हिशेब मध्यमवर्गीय मराठी माणसाला करावाच लागत नाही, तो जन्मतःच झालेला असतो.

विजेच्या तारा ज्यातून नेतात ती पीव्हीसीची नळी अत्यंत स्वस्त मिळाली. तिला भोके पाडली आणि विकत आणलेले वेताचे दुहेरी रीड, म्हणजे हवेने थरथरून आवाज काढणारी पातळ पात्यांची जोडी, वरच्या टोकाला बसवले. हवेसाठी पाहुण्यांच्या गादीचा पायपंप जोडला, कारण हे रीड कोरड्या हवेचे असून तोंडाच्या ओलाव्याने बिघडते. पंपावर पाय देताच बंदरात शिरणाऱ्या बोटीसारखा आवाज निघाला. तो अपेक्षेपेक्षा जवळजवळ एक सप्तक खाली होता, आणि जोर वाढवला तर वरचा षड्ज न येता त्याला ओलांडून थेट पुढचा पंचम येत होता. शेजारच्या आजी मूळच्या क्लेअर परगण्याच्या, जिथे मिलटाउन मॅलबे गावी विली क्लॅन्सी या पायपरच्या नावाने १९७३ पासून उन्हाळी शाळा भरत आली आहे. त्यांनी दारात येऊन अतिशय आस्थेने विचारले, “बॉयलर बिघडलाय का?”

दोष पीव्हीसीचा नव्हता, आकाराचा होता. एका टोकाला रीड असलेली सरळ, म्हणजे आतून सगळीकडे सारख्याच रुंदीची नळी जोर दिल्यावर सप्तक गाठत नाही, त्यापुढच्या पंचमावर जाते. सप्तक हवे असेल तर आतली पोकळी शंकूसारखी, वर अरुंद आणि खाली हळूहळू रुंदावणारी लागते. स्कॉटिश पाइपच्या सरावाच्या चँटरला सरळ पोकळी चालते, कारण त्यांचे काम नऊ सुरांत भागते; आयरिश चँटरला पुरी दोन सप्तके हवी असतात. हे सर्व मी पत्नीला समजावून सांगितले तेव्हा ती म्हणाली, “अहो, सनईसुद्धा खाली रुंदच असते की. लग्नांत काय नुसतं जेवतच होतात का?”

सारांश, लाकूड एबनीचे असो की बॉक्सवूडचे, पैसे त्याचे नसतात. त्याच्या आत जे नाही त्याचे असतात. ती पोकळी कोरण्यासाठी कारागीर निमुळते पोलादी रीमर वापरतात. माझ्याकडे पोलाद नव्हते, पण सुपरमार्केट दारात फुकट टाकून जाते ती पत्रके होती. एक लाकडी दांडी पॉलिश पेपरने निमुळती घासली, तिला मेणबत्तीचे मेण चोळले आणि तिच्यावर डिंक लावलेल्या पत्रकांचे थर गुंडाळले. दांडी बाहेर यायला तयार नव्हती. एक टोक मी आणि दुसरे मुलाने धरून स्वयंपाकघरात बराच काळ रस्सीखेच केली, तेव्हा कोठे ती निघाली आणि आम्ही दोघे परस्परविरुद्ध दिशांना बसलो.

या कागदी चँटरने मात्र सप्तक दिले. खालचे टोक मांडीवर दाबून, सर्व भोके क्षणभर बंद करून, हवेचा दाब वाढवला की वरचा स्वर खरोखर निघाला, आणि मुलाने पंपावरून पाय न काढता टाळ्या वाजवल्या. पुढचे काम सूर लावण्याचे. भोक मोठे केले की स्वर चढतो. उतरवायचा झाला तर भोकाच्या कडेला मेण भरायचे किंवा पट्टी चिकटवायची. सगळेच स्वर चढे वाटू लागले तर खालून पोकळीत एक बारीक तार सरकवायची. ही युक्ती महागड्या चँटरमध्येही वापरतात, हे कळल्यावर माझ्या नळीचा दर्जा माझ्याच नजरेत बराच वाढला.

उरला रीडचा प्रश्न. त्याच्या दोन पात्यांभोवती तांब्याची वळी असते. ती किंचित दाबली तर रीड मऊ बोलते, आणि त्याहून किंचित अधिक दाबली तर उभे तडकते. या दोन किंचितांमधले अंतर पायपरला २१ वर्षांत समजत असावे. माझे रीड त्यापूर्वीच तडकले. नवे आणायचे तर आतापर्यंतच्या सर्व काटकसरीवर पाणी पडते. परंतु दह्याच्या प्लास्टिकच्या डब्यांपासूनही हौशी मंडळी रीड कापतात, असे समजल्यामुळे सध्या आमच्याकडे दोन्ही वेळच्या जेवणात दही सक्तीचे आहे. दही कोणते आणायचे, हे चवीवर न ठरता डब्याच्या जाडीवर ठरते, आणि दुकानात मी डबे बोटांनी दाबून पाहू लागलो की पत्नी पुढच्या रांगेत निघून जाते.