अहवालाचं कोणतं पान, ते सांगा

मागच्या गुरुवारी अक्काकडे गेलो होतो. सोलापुरातल्या साखर पेठेत तिचं घर आहे. वरच्या खोलीत दीड वर्षापासून बिहारमधल्या दरभंग्याची दोन मुलं राहतात, फरशी बसवायची कामं करतात. अक्काने त्यांना महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलं होतं. भाडं थकलेलं नव्हतं, कुणाची तक्रार नव्हती. का म्हणून विचारलं तर तिने मोबाइल पुढे केला. "वाच. सरकारी आकडे आहेत."

मेसेज तिच्या भिशीच्या ग्रुपवर आला होता. दुसऱ्या दिवशी तोच माझ्या दोन ग्रुपवरही आला. त्यात लिहिलं होतं ते असं: एनसीआरबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या गुन्हे नोंद विभागाच्या, अहवालानुसार महाराष्ट्रातले निम्म्याहून जास्त गुन्हे परप्रांतीय करतात. त्यांचे लोंढे वाढले म्हणून देशात एका वर्षात गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले. तुरुंग त्यांनीच भरलेत. सोलापूर गुन्हेगारीत देशातल्या पहिल्या दहा शहरांत आहे. गुन्हेगारी त्यांच्या रक्तातच असते. आणि शेवटी ठळक अक्षरांत, लेकीबाळी सांभाळा, अनोळखी परप्रांतीयांना खोल्या देऊ नका.

हे वाचून दोन माणसांचं छप्पर जाणार होतं, म्हणून मी तो अहवाल उघडून बसलो. तो कुणालाही फुकट बघता येतो.

पहिला दावा तिथल्या तिथे पडतो. एनसीआरबी दरवर्षी 'क्राइम इन इंडिया' काढते. त्यात राज्यवार गुन्हे असतात, कलमवार असतात, अटक झालेल्यांचं वय असतं, स्त्री की पुरुष ते असतं. आरोपी मूळचा कोणत्या राज्याचा, हा रकानाच नाही. परदेशी नागरिकांचे तक्ते वेगळे असतात, पण बिहारचा किती, यूपीचा किती, लातूरचा किती हे त्या अहवालात कुठेच मोजलेलं नाही. जे मोजलंच नाही त्याची टक्केवारी कुठून आली?

आता २८ टक्के. हा आकडा खरा आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो. २०१९ मध्ये देशात ५१,५६,१५८ दखलपात्र गुन्हे नोंदले गेले आणि २०२० मध्ये ६६,०१,२८५. वाढ २८ टक्के, बरोबर. पण २०२० साली काय चाललं होतं हे मेसेज लिहिणारा विसरला का? लॉकडाऊन होता. सरकारी आदेश मोडला म्हणून तेव्हा लागायचं ते भारतीय दंड संहितेचं कलम १८८ बघा. २०१९ मध्ये त्याखाली २९,४६९ गुन्हे होते, २०२० मध्ये ६,१२,१७९. म्हणजे एकट्या या कलमाने पावणेसहा लाखांहून जास्त गुन्हे वाढवले. संचारबंदीत बाहेर पडलेले, दुकान उघडं ठेवलेले लोक या आकड्यात आहेत. त्याच अहवालात, त्याच वर्षी, चोऱ्या, घरफोड्या आणि दरोडे कमी झाल्याचं लिहिलंय. महिलांवरच्या गुन्ह्यांची नोंद ८.३ टक्क्यांनी घटली. ती घट मेसेजमध्ये का आली नाही?

आणि परप्रांतीय त्या वर्षी कुठे होते? डोक्यावर बोचकं, काखेत पोर घेऊन ते हायवेने चालत गावी निघाले होते. आपण डोळ्यांनी बघितलं, काहींनी त्यांना पाण्याच्या बाटल्या दिल्या. १ मेपासून श्रमिक स्पेशल गाड्या भरून भरून उत्तरेला गेल्या. माणसं ज्या वर्षी शहरं सोडून गेली, त्याच वर्षीची वाढ त्यांच्या येण्याच्या नावावर टाकली आहे. मेसेज लिहिणाऱ्याने आकड्याचं साल गाळलं ते एवढ्यासाठीच. साल लिहिलं असतं तर अक्कालाही कळलं असतं.

आकडा वाढला म्हणजे गुन्हा वाढला असं होत नाही, हे एनसीआरबी स्वतः सांगते. गुन्हा वाढणं वेगळं आणि पोलिसांनी नोंद जास्त घेणं वेगळं, ही सूचना अहवालातच दिलेली असते. जिथे ठाण्यात गेल्यावर तक्रार लिहून घेतात, तिथला आकडा मोठा दिसतो. जिथे हाकलून लावतात, तिथे कागदावर शांतता असते.

सोलापूरचं एका ओळीत सांगतो. २०२० च्या त्या अहवालातल्या महानगरांच्या यादीत फक्त २० लाखांवर वस्तीची १९ शहरं आहेत, महाराष्ट्रातून मुंबई, पुणे आणि नागपूर. २०११ च्या जनगणनेत आपली वस्ती साडेनऊ लाख. जे शहर यादीतच नाही त्याचा पहिल्या दहात नंबर लागत नाही.

तुरुंगाच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे, आणि ते मला मान्य करावं लागतंय. एनसीआरबीचाच तुरुंगांवरचा वेगळा अहवाल असतो, त्यात कैदी स्वतःच्या राज्यातला, दुसऱ्या राज्यातला की परदेशी हे दिलेलं असतं. महाराष्ट्राच्या तुरुंगांत परराज्यातले कैदी आहेत, ही गोष्ट कुणी नाकारत नाही. पण २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. दर चारांत तिघांवर गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. हा आकडा ३१ डिसेंबरला आत कोण होतं त्याचा असतो. मग प्रश्न येतो, आत जास्त दिवस कोण राहतं? साखर पेठेतल्या पोराला उचललं तर संध्याकाळपर्यंत मामा घरपट्टीची पावती घेऊन कोर्टात उभा राहतो. दरभंग्याच्या पोराला जामीनदार कुठून मिळणार?

याच गोष्टीवर १९७८ साली सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. मोतीराम गवंडी होता. खालच्या कोर्टाने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाला नाकारलं, कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चूक ठरवलं. तेव्हा तर परराज्यसुद्धा नव्हतं, नुसता परजिल्हा होता. आजही जामीनदार स्थानिकच लागतो असं धरून बसणारे भेटतात, आणि बाहेरचा माणूस त्या तारखेला आतच मोजला जातो. शिवाय कामाला बाहेर पडतात ते बहुतेक तरुण पुरुष असतात, आणि अटकेत जास्त तरुण पुरुषच असतात, कुठल्याही प्रांतातले घ्या. तुलना करायची तर त्याच वयाच्या आपल्या पोरांशी करा. तीही धड करता येत नाही, कारण कोणत्या राज्यातले किती लोक इथे राहतात याची शेवटची मोजणी २०११ ची आहे.

बांगलादेशींचंही बोललं पाहिजे. कागदपत्रांशिवाय राहणारे सापडतात, आणि त्यांच्यावर कायद्याने कारवाई व्हावी. पण विनाकागद राहणं हा गुन्हा इथला माणूस करूच शकत नाही. तो आकडा चोरी-खुनाच्या आकड्यात मिसळून 'हे जास्त गुन्हेगार' म्हणायचं, हा हिशेब खोटा आहे. परदेशी कैदी एकूण कैद्यांत शंभरामागे दोनही भरत नाहीत.

'रक्तातच असते' हे वाक्य सोलापूरच्या ग्रुपवर फिरावं, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. आपल्या गावात सेटलमेंट आहे. १८७१ पासून इंग्रजांनी केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट अशा अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि इथे तारेच्या कुंपणात ठेवल्या. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. पोलिसांची नजर रात्रंदिवस त्यांच्यावरच, त्यामुळे नोंदीही त्यांच्याच, आणि त्याच नोंदी दाखवून म्हणायचं की बघा, हे गुन्हेगारच. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला. त्यांची नातवंडं आजही भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगायला कचरतात. आणि आमचं तरी काय? आम्ही पद्मशाली. पणजोबा तेलंगणातून हातमागावर काम मागत सोलापुरात आले. अक्का देवघरात आजही तेलुगूत बोलते. तेव्हा कुणी असाच निरोप गल्लीत फिरवला असता तर?

राहिल्या लेकीबाळी. या ओळीने अक्का घाबरली, कारण घरात तिची नात आहे, सातवीतली. म्हणून मी तिला बसवून एनसीआरबीचाच आकडा दाखवला. २०२१ मध्ये बलात्काराचे ३१,६७७ गुन्हे नोंदले गेले. त्यातल्या ९६ टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा होता. घरचा, नात्यातला, शेजारचा, कामावरचा, लग्नाचं वचन दिलेला. महिलांवरच्या गुन्ह्यांत सगळ्यात मोठा वाटा नवरा आणि सासरच्यांच्या छळाचा आहे, तीनातला जवळजवळ एक. भाडेकरूही ओळखीच्यांत येतो, हे मी लपवलं नाही. पण मग घरी येणारा प्रत्येक काका, मामा, शिकवणीचा सरही येतो. मेसेज पोरीला सांगतो की परक्या बोलीच्या माणसाला भी. उद्या घरातल्याच कुणी हात लावला तर तिने कुणाला सांगायचं, आणि तिचं ऐकायचं कुणी, याबद्दल त्यात अक्षर नाही. मला हा मेसेज चुकीचा वाटतोच, पण या एका कारणाने तो मुलींना घातकही वाटतो.

दोन्ही ग्रुपवर मी एकच मागितलं: परप्रांतीयांची टक्केवारी अहवालाच्या कोणत्या वर्षाच्या, कोणत्या पानावर आहे ते टाका. सहा दिवस झाले. एकाने "सगळ्यांना माहितीच आहे" असं लिहिलं. पान कुणी दिलं नाही.

अक्काला म्हटलं, तुला काळजी आहे ना, तर भाडेकरूची माहिती ठाण्यात द्यायची असते ती दे. दीड वर्ष ती दिलेलीच नव्हती. वर गेलो तर दोघांतल्या थोरल्याने भांडी पोत्यात भरली होती. धाकटा जुळे सोलापुरात दोन घरं विचारून आला होता, दोन्हीकडे नाही म्हणाले होते. अक्काने त्यांना खाली बोलावलं, चहा टाकला, आणि त्यांची आधार कार्डं माझ्या हातात देऊन म्हणाली, "तूच भर तो फॉर्म. माझं अक्षर लागत नाही कुणाला."