कामासाठी 'अजून रेडी नाही' म्हणे

आज परत मावशीला माझ्या मावसभावाच्या ट्रेनिंग सेंटरवरून फोन. पुढच्या लेव्हलचा कोर्स सुरू होतोय, ह्याचं नाव घालू ना, कामासाठी अजून रेडी नाहीये तो. डोकंच फिरलं माझं. अहो, तो गोदामात कामाला लागून वर्ष होत आलं!

माझा मावसभाऊ, बौद्धिक अपंगत्व आहे, तिशी ओलांडलीये. सर्टिफिकेटांची फाइल फुगलीये नुसती, पाकिटं चिकटवण्याचं, फायलिंगचं, 'व्यक्तिमत्त्व विकासा'चं पण (ह्यात काय शिकवतात देव जाणे). पण एकट्याने बस पकडायची कशी, पगार महिनाभर पुरवायचा कसा, हे कोणी शिकवलं? त्याचा ग्रुप फोटो निघत नाही ना!

गोदामातल्या सुपरवायझरने कसलंच ट्रेनिंग घेतलेलं नाही. त्याने खोकं भरायच्या प्रत्येक पायरीचा फोटो काढून भिंतीवर चिकटवला आणि आधी शेवटची पायरी शिकवली, म्हणजे बाकी सगळं तो करणार, टेप आणि लेबल ह्याने लावायचं, मग त्याच्या आधीची पायरी, असं करत करत मागे. पहिल्याच दिवशी खोकं 'ह्याने' पूर्ण केलेलं! आता अख्खं एकटा भरतो आणि दुसऱ्यांच्या चुकाही काढतो.

ह्यात नवीन काहीच नाहीये. मार्क गोल्ड नावाच्या संशोधकाने अमेरिकेत 1970 च्या दशकात, ज्यांना काही शिकवून उपयोग नाही असा शिक्का बसलेला, त्यांच्याकडून सायकलचे ब्रेक जोडून घेतले, काम असंच बारीक पायऱ्यांत तोडून. आधी खऱ्या कामावर घ्या, तिथेच शिकवा, ह्याला सपोर्टेड एम्प्लॉयमेंट म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग हक्क करारात काम हा हक्क आहे, कलम 27. स्वतंत्र राहणं, कलम 19. 'आधी रेडी व्हा' असं कुठेय त्यात?

सर्टिफिकेटशिवाय बऱ्याच ठिकाणी अर्जसुद्धा बघत नाहीत, बरं, मान्य.

बसचं मावशीनेच मनावर घेतलं. आधी शेजारी बसून, मग चार सीट मागे, मग मागच्या बसने. एकदा चुकीच्या स्टॉपवर उतरला, लोकांना विचारत विचारत पोचला. मावशी रात्रभर झोपली नाही, आणि सकाळी त्याला परत एकट्याला सोडला. माझी नसती झाली हिंमत.

तर तुमच्यापैकी कोणाकडे खरं काम असेल, पगाराचं, समाजसेवा म्हणून नको, तर इनबॉक्समध्ये या. पायऱ्या पाडून फोटो मी काढून देते. सर्टिफिकेट वाटपाची आमंत्रणं मात्र कृपा करून पाठवू नका.